धागा तुटतो, शब्द मोडतो

भवानी पेठेतली मेहनाज जर्मन शिकली ती मोबाइलवर, घरची कामं उरकून, सलग तीन वर्षं. त्या जोरावर तिला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात नोकरी लागली. मालक उदयसिंह इंग्रजीत मजकूर द्यायचे आणि ती तो जर्मनमध्ये करून हँबुर्गच्या गिऱ्हाइकाला पाठवायची.

मार्चमध्ये माल वेळेत निघाला नाही. उदयसिंहांनी कारणं लिहून दिली. धागे सारखे तुटले, दोन माग बंद पडले, दिलेला शब्द पाळता आला नाही. इंग्रजीत या सगळ्याला त्यांनी एकच क्रियापद वापरलं होतं, ब्रेक. मेहनाजनेही सगळीकडे एकच जर्मन शब्द घातला, ब्रेखन.

दुसऱ्या दिवशी तिकडच्या बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज घाबरलेला होता. "दोन माग मोडून पडले म्हणता. कुणाला लागलं तर नाही ना?"

मेहनाजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागून ती थेट मागांकडे गेली. चनबसप्पा हे तिथले जुने जॉबर, तीस वर्षं माग दुरुस्त करणारे. त्यांना तिने विचारलं, "काका, मागाला काय झालं होतं, तुमच्या शब्दांत सांगा."

"बिघडला हुता. माग बिघडतोय, धागा तुटतोय, काच फुटती. मोडती ती काठी, न्हायतर ठरलेलं लगीन."

"आणि दिलेला शब्द?"

"त्यो बी मोडतोय की!"

ती तिथेच थबकली. हे तर तिला लहानपणापासून ठाऊक होतं. जर्मनमध्येही धाग्याला, यंत्राला वेगवेगळे शब्द होते. ते पाठही होते. पण समोर इंग्रजी आलं की ती बाकी सगळं विसरून त्याच्याच मागे जायची.

तिने पत्र नव्याने लिहिलं. ब्रेखन एकाच ठिकाणी राहिलं, दिलेल्या शब्दापाशी. तिने अर्थ सांगितला तेव्हा उदयसिंह तिथेच अडले. "हे फार कडक वाटतंय. तारीख पुढे गेली, एवढंच लिही."

"सर, तारीख आपोआप जात नाही. आपण शब्द दिला होता."

त्यांनी ते वाक्य तिच्याकडून पुन्हा वाचून घेतलं. मग म्हणाले, "राहू दे तसंच."

अर्धी ऑर्डर हातची गेलीच. उरलेल्या अर्ध्या मालाला दोन आठवडे वाढवून मिळाले.

पुढच्या पत्राच्या वेळी उदयसिंह कागद न आणता तिच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. "आता मी मराठीत सांगतो," ते म्हणाले. "कळलं नाही तर विचार, आणि मगच लिही."