नोटेवरचे गृहस्थ आणि आमचे काका

"ह्या गृहस्थांचं नाव काय हो?"

सिंगापूरची दोन डॉलरची नोट हाताच्या अंतरावर धरून, चष्मा कपाळावर सारून, काका समोर येईल त्याला हा प्रश्न विचारायचे. अर्थात इंग्रजीत. वाईच्या शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाचं ते इंग्रजी: "हू इज धिस जंटलमन?" बुकित पंजांगला आमच्या ब्लॉकजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांत, कॉफी विकणाऱ्या बाईंना त्यांनी पहिल्यांदा हे विचारलं, तेव्हा बाईंना वाटलं नोटेतच काहीतरी गडबड आहे. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, शेजारच्या नूडलवाल्याला दाखवली आणि शेवटी काकांना दुसरी नोट काढायला सांगितलं. दुसऱ्या नोटेवरही तेच गृहस्थ होते. मागे रांग खोळंबली होती आणि त्या रांगेत तिसरा मी होतो.

माझ्या फोनवरच्या बोलण्यावरून त्यांनी मला ओळखलं. "मराठी ना? मग तुम्ही सांगा."

मला सिंगापुरात सहा वर्षं झाली होती. रोज तांजोंग पगारच्या ऑफिसात जात होतो, रोज ह्या नोटा हाताळत होतो. मी म्हणालो, देशाचे पहिले राष्ट्रपती असावेत.

"असावेत?" काका म्हणाले.

त्या एका शब्दाने मी सातवीच्या बाकावर जाऊन बसलो.

त्या गृहस्थांचं नाव मी इथेही लिहिणार नाही. काकांनी मलाही ते सांगितलं नव्हतं. "शोधा. सांगितलेलं विसरतं, शोधलेलं राहतं," एवढंच म्हणाले. तेव्हा वाचकहो, तुम्हीही शोधा.

काकू गेल्यावर मुलाने त्यांना इकडे, आमच्याच ब्लॉकमधल्या आपल्या घरी, आणलं होतं. मुलगा तुआसला एका कारखान्यात इंजिनिअर, सकाळी सहाला घराबाहेर पडायचा. सून बँकेत. मी तिला वहिनी म्हणायचो. नात मुक्ता नऊ वर्षांची. फ्लॅट लहान, त्यामुळे आजोबा आणि नात एकाच खोलीत, दुमजली पलंगावर. मुक्ता वरच्या मजल्यावर आणि काका तळमजल्यावर. "पहिल्यांदाच आयुष्यात भाडेकरू झालो," असं ते सांगायचे.

दिवसभर करायचं काय? काकांनी वाचनालय शोधून काढलं आणि नोटेवरच्या गृहस्थांच्या मागे लागले. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की ब्लॉकखालच्या बाकावर ते दिवसभराची कमाई मला ऐकवायचे. ते गृहस्थ मुळात पत्रकार. स्वतःच्या लोकांसाठी वर्तमानपत्र काढलेलं. तरुणपणी बॉक्सिंग करायचे, वजनं उचलायचे. ऑर्किड लावण्याचा नाद. प्रकृती साथ देत नव्हती तरी शेवटपर्यंत पदावर. आणि हे सगळं सांगून झालं की काका जरा दुखावल्यासारखे व्हायचे. वाचनालयातल्या एका तरुणाने त्यांना म्हटलं होतं की त्या पदाला तेव्हा अधिकार असे नव्हतेच. निर्णय दुसऱ्यांचे, ह्यांची नुसती सही.

"नुसती सही!" काका मला म्हणाले. "चार भाषांची माणसं, एकमेकांकडे संशयाने बघणारी. नुकत्याच दंगली होऊन गेलेल्या. आणि ह्या माणसाने हातात काहीही नसताना सगळ्यांचं व्हायचं. करून दाखवा म्हणावं."

मग म्हणाले, "अधिकार नसताना घर कसं सांभाळायचं, हे मला विचारा."

त्यांच्या घरी पंतप्रधान वहिनी होत्या, ह्याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती. कुठली शाळा, कुठला क्लास, रविवारी कुठे जायचं, सगळं वहिनी ठरवायच्या आणि मग रीत म्हणून काकांना सांगायच्या. काका मान डोलावून म्हणायचे, "मंजूर." एकदा वहिनींनी पडद्यांचे दोन नमुने दाखवून खरंच त्यांचं मत विचारलं. काकांनी दोन्ही मंजूर केले. मुक्ता पलंगावरून ओरडली, "आजोबा, you anyhow approve everything, lah!"

हे सगळं गमतीत चाललं होतं. मग कुंड्यांचं प्रकरण झालं.

त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक चिनी आंटी एकट्या राहायच्या. नवरा गेलेला, मुलं परदेशात. कॉरिडॉरमध्ये त्यांनी ऑर्किडच्या चौदा कुंड्या मांडल्या होत्या. एका संध्याकाळी कुंड्यांखाली सांडलेल्या पाण्यावरून वहिनींचा पाय घसरला आणि घोटा चांगलाच मुरगळला. वहिनींनी वसाहतीच्या कार्यालयात रीतसर तक्रार केली. आठवड्याभरात आंटींना पत्र आलं: कॉरिडॉर मोकळा करा. तक्रार कोणी केली हे पत्रात नव्हतं, पण लंगडणारी बाई मजल्यावर एकच होती. आंटींनी वहिनींशी बोलणं बंद केलं. लिफ्टमध्ये दोघी दारांकडे तोंड करून उभ्या राहायच्या.

पत्र आल्यावर काही दिवसांनी एका सकाळी मी खाली उतरलो तर काका दोन्ही हातांत एकेक कुंडी घेऊन लिफ्टमधून बाहेर पडत होते. मागे आंटी, हातात काठ्या आणि सुतळी. ब्लॉकमागे रहिवाशांची छोटी बाग आहे. आंटींनी तिथे एक कोपरा मिळवला होता, पण कुंड्या उतरवायला माणूस नव्हतं. काका आपणहून गेले होते. रोज दोन कुंड्या, असा हिशोब त्यांनी लावला. सगळ्या एकदम नेल्या असत्या तर काम तासाभरात संपलं असतं, हे मी बोलून दाखवलं. काकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि बागेकडे चालू लागले.

आंटींना थोडं इंग्रजी यायचं, काकांचं इंग्रजी पुस्तकी. एकदा राष्ट्रपतींनाही हा छंद होता हे सांगायला काकांनी नोट काढून आधी तिच्याकडे आणि मग फुलाकडे बोट दाखवलं. आंटींना वाटलं, त्यांना कुंडी विकत हवी आहे. त्यांनी पाच डॉलर सांगितले. काकांनी मुकाट्याने दिले आणि विकत घेतलेली कुंडी पुन्हा त्यांच्याच बागेत ठेवली.

घरी मात्र वातावरण तापलं होतं. एका शनिवारी मी चहाला गेलो असताना वहिनी माझ्यासमोरच म्हणाल्या, "बाबा, पाय माझा मुरगळला. तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

काका बशीत चहा ओतत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "तुझ्यासाठी रोज शेकायला पाणी मी तापवलं. तिच्या कुंड्या मी उचलतो. दोन्हीत विरोध कुठे आहे?"

"तिला वाटत असेल, मी दुष्ट आहे."

"तसं वाटू नये म्हणूनच तर जातो," काका म्हणाले.

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या.

त्या वर्षी सिंगापूरला स्वतंत्र होऊन पन्नास वर्षं होत होती. आसपासच्या ब्लॉकमधली आम्ही आठ-दहा मराठी कुटुंबं सुट्टीच्या दिवशी तळमजल्याच्या मोकळ्या जागेत जमणार होतो. मी सुचवलं, काकांचं व्याख्यान ठेवू, विषय पहिले राष्ट्रपती. काकांनी वीस पानं लिहून काढली. त्या दिवशी इस्त्रीचं जाकीट घालून ते उभे राहिले, समोर पंचविसेक माणसं, निम्मी पोरं. 'सभ्य स्त्रीपुरुषहो' म्हणून सुरुवात करणार, तेवढ्यात आंटी आल्या आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. काकांनी बोलावलं होतं म्हणून आल्या होत्या. व्याख्यान मराठीत आहे, हे सांगायचं काका विसरले होते.

काकांची पंचाईत झाली. पानांकडे बघत राहिले. इंग्रजीत वळवावं तर वीस पानं मराठीत, आणि मंडळी मराठी ऐकायला आलेली. मी पुढे होऊन काही बोलणार होतो.

मागच्या रांगेतून वहिनी उठल्या. पाय अजून किंचित ओढत होत्या. पुढे येऊन आंटींच्या शेजारी बसल्या आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "बाबा, सुरू करा. मी सांगते त्यांना."

काका एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. वहिनी आंटींच्या कानाशी ते इंग्रजीत सांगायच्या. आंटी मान हलवायच्या, मग काका पुढचं वाक्य घ्यायचे. अर्ध्या तासाचं व्याख्यान सव्वा तास चाललं. पोरं उठून गेली, समोसे गार झाले. एकदा काका भरात येऊन तीन वाक्यं सलग बोलले तेव्हा वहिनींनी हात वर करून त्यांना थांबवलं. बॉक्सिंगचा भाग आला तेव्हा आंटी आणि वहिनी दोघी एकदम हसल्या. का, ते आम्हाला कळलं नाही. काका तर पुढचं वाक्यच विसरले.

त्यानंतर काका दीड वर्ष राहिले. मुक्ताची सहावीची मोठी परीक्षा जवळ आली. पोरीला अभ्यासाला टेबल हवं, दार लावून बसायला खोली हवी. घरात हे कोणी बोललं नाही. काकांच्या इथे राहायच्या पासचं नूतनीकरण होतं, मुलाने कागद भरायला घेतले, तेव्हा काका म्हणाले, राहू दे. वहिनींनी दोन दिवस समजावलं. पहिल्यांदाच काकांनी काही नामंजूर केलं होतं, त्यामुळे त्यांच्याशी कसं बोलावं ते घरात कोणालाच माहीत नव्हतं.

निघायच्या दिवशी मी बॅगा उतरवायला गेलो होतो. "राष्ट्रपतीची मुदत संपली," असं काहीतरी काका हसत म्हणाले. मुक्ताने तीन वर्षं पलंगाच्या तळमजल्यावरून येणारा तो सगळा इतिहास ऐकला होता.

"But your president never stop, what," ती म्हणाली. "He was president until he died. तुम्हीच सांगितलं."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "त्यांच्या घरात खोल्या जास्त होत्या, बाळा."

वाईहून त्यांची पत्रं यायची. त्यात गावच्या नगरपालिकेचे पहिले अध्यक्ष कोण ह्याचा शोध सुरू होता. चौथ्या पत्रानंतर त्यांच्या मुलाचाच फोन आला, काका गेल्याचा, आणि शोध कुठवर आला होता ते मला कधी कळलं नाही.

मला ते दिसतात ते मात्र त्या निघायच्या सकाळी. लिफ्टमध्ये उभे, अंगात तेच जाकीट, दोन्ही बाजूंना बॅगा. आंटी आपल्या फ्लॅटच्या दारात, वहिनी त्यांच्या शेजारी. मुक्ता लिफ्टच्या दाराला पाठ लावून उभी होती. दार मिटायला यायचं, तिच्या खांद्याला टेकायचं आणि परत उघडायचं. लिफ्ट सारखी बीप करत होती, खालच्या मजल्यावरून कोणीतरी बटण दाबत होतं, टॅक्सीवाल्याचा फोन वाजत होता. तिला बाजूला हो म्हणायचं कोणालाच सुचलं नाही.