मांडी घालता येईल असा स्टेंट

आमच्या शेजारचे काका घ्यायची वस्तू आधी वाकवून पाहतात. भेंडी, चप्पल, चष्म्याची दांडीसुद्धा. पुष्कळदा ती मोडते आणि मग घ्यावीच लागते.

गेल्या हिवाळ्यात त्यांची गुडघ्यामागची रक्तवाहिनी तुंबली. बडनेरा स्टेशनापर्यंत जातानाही ते पोटरी धरून थांबायचे. अमरावतीच्या डॉक्टरांनी समजवायला नमुन्याचा स्टेंट दाखवला. काकांनी तो लगेच वाकवला. तो वाकडाच राहिला.

"हा नाई जमत. मले पंगतीत मांडी घालून बसा लागते."

"टेबलावर जेवा ना, काका," डॉक्टर म्हणाले.

"टेबलाकडे वाढणारा दुसऱ्यांदा फिरकत नाई, साहेब!"

आणि काका तिथेच फरशीवर मांडी घालून बसले. डॉक्टर हसले, पण खाली वाकून त्यांनी तो गुडघा नीट पाहिला आणि विणलेल्या तारेचा, गुडघ्यासोबत वाकणारा स्टेंट ठरवला. काकांना मात्र उठता येईना. सोबत आलेल्या मी आणि डॉक्टरांनी मिळून उचललं, तेव्हा त्यांचं पाऊल बर्फासारखं लागलं. मला धडकीच भरली.

स्टेंट बसवल्यावर काकांनी मला खाटेजवळ बोलावलं. "हात लावून पाह्य बरं, गरम लागते का?"

मी वाकून पावलाला हात लावला. छान ऊब होती. तेवढ्यात माझ्या डोक्यावर हात ठेवून काका गंभीरपणे म्हणाले, "सुखी राय."