शेंड्यांचं तेल

कोमट तिळाच्या तेलाचा वास आला की मला मळमळतं. घरातल्या पोरींना वाटतं, म्हातारीचे चोचले. त्या निजायच्या आधी केसांच्या टोकांना तेल चोपडतात, वर फडकं गुंडाळतात आणि सकाळी मऊ झालेले शेंडे एकमेकींना दाखवत बसतात. लावा बायांनो, खुशाल लावा, पण माझ्या डोळ्यांसमोर नको. का, ते एकदाच सांगून टाकते, म्हणजे रोजची कटकट मिटेल.

माझं माहेर रनाळ्याचं आणि पहिलं सासर तापीच्या पलीकडे, सारंगखेड्याचं. 'पहिलं' म्हटलं की शहरातल्या बाया चपापतात. त्यात चपापण्यासारखं काही नाही. आम्हा शेतकरी लोकांत विधवेचा पाट लागायचा, म्हणजे दुसरं लग्न. विधवा झाली तर, बरं का. सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

लग्न झालं तेव्हा माझे केस कमरेच्या खाली होते. मायनं ते जिवापाड जपले होते. सासरच्या विहिरीचं पाणी मचूळ, उन्हाळ्यात शेतावरची झळ, त्यात वर्षभरात शेंडे केरसुणीसारखे झाले. सासूबाई तेल कुलपात ठेवायच्या. आठवड्यातून एकदा त्यांच्या हातानं तळहातावर पडेल तेवढंच. मी जरा ओंजळ पुढे केली की म्हणायच्या, "तेल शे ते, तापीनं पानी नई." आणि वर माझी वेणी हातात घेऊन शेरा, "शेंडा फाटनात. अशी बाई फाटकी दिसस." म्हणजे तेल द्यायचं नाही आणि शेंडे फाटले म्हणून बोलायचं! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण सोळा वर्षांच्या सुनेला तोंड कुठलं असायला?

नवरा मला आवडायचा. खोटं कशाला बोलू? दिवसाउजेडी बोलायची सोय नव्हती, तरी ओसरीवरून जाता जाता माझी वेणी हळूच ओढून जायचा आणि तोंड असं साळसूद करायचा की सासूबाईंना वाटावं, मीच उगाच हसते. पोहणारा तर असा की पावसाळ्यात तापीला पूर आला की गावची पोरं त्याच्या मागं काठावर गोळा व्हायची. सासूबाईंना त्याचा केवढा तोरा!

भाद्रपदात तो मिरचीच्या सौद्यासाठी दोंडाईच्याला गेला. नदीवर पूल नव्हता, नाव होती. परत येताना नावेत कुणीतरी बैल चढवला होता. पाणी फुगलेलं. मध्यावर बैल बिथरला आणि नाव उलटली. आमच्या काठावरच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. काहीजण ओढून काढले. दोन देह खाली प्रकाश्याच्या घाटाशी लागले. माझा नवरा ना जिता सापडला, ना मेलेला.

सांजेपर्यंत आमचं अंगण बायांनी भरलं. आमच्याकडची रीत अशी की घरात कुणी गेलं की बायांनी केस सोडायचे आणि सुतक फिटेपर्यंत कुणीही डोक्याला तेल लावायचं नाही. आणि उलट, नवरा जिता असलेल्या बाईनं कोरडं डोकं घेऊन फिरायचं नाही, ते अशुभ. तर एका शेजारणीनं रडत रडत माझ्या वेणीला हात घातला, सोडायला. सासूबाई आतून तीरासारख्या आल्या.

"उठा! समद्या उठा आठेन! मन्हा घरमा कोनी मरेल नई. मन्हा आंडोर पोहनारा शे. येई तो." आंडोर म्हणजे लेक.

बाया उठेनात, तेव्हा त्यांनी काय केलं असेल? कुलूप काढलं, तेलाची बुधली आणली, आणि सगळ्यांदेखत माझ्या मागं बसून माझ्या शेंड्यांना तेल लावलं. थेंबथेंब नाही, हात भरून. बाया एकेक करून उठून गेल्या. सुतक धरलंच नाही तर सांत्वन तरी कशाचं करणार?

तेव्हापासून रोज. जेवणं आटोपली की सासूबाई चुलीच्या निखाऱ्यावर वाटी ठेवायच्या. तेलात मेथीचे दाणे, माक्याचा पाला. मग मला पुढ्यात बसवून एकेक शेंडा बोटाला गुंडाळायचा, तेलात भिजवायचा, जिरेपर्यंत चोळायचा, आणि शेवटी जुन्या लुगड्याचं मऊ फडकं बांधायचं. गोधडीला तेलाचे डाग पडले, झुरळं यायला लागली, मानेवर पुळ्या उठल्या. माझे शेंडे मात्र असे झाले की आयुष्यात कधी झाले नव्हते.

सुरुवातीला मला बरं वाटायचं. पाप नको लागायला, पण ते हात फार मायेचे होते. चोळता चोळता त्या त्याच्याशीच बोलायच्या. कुठं लागला असेल, कुणाच्या घरी असेल, तिथं बाजरीची भाकर मिळते का ज्वारीची. मीही मनात म्हणायची, येईल. का नाही येणार? वाहत गेलेली माणसं परत आल्याच्या गोष्टी नदीकाठच्या प्रत्येक गावात असतात.

थंडीत एक बैलांचा दलाल सांगत आला की अक्कलकुव्याच्या बाजारात त्याच्यासारखा माणूस पाहिला, डोक्याला मार लागलेला, बोलत नाही. सासरे त्याच दिवशी निघाले. गरीब माणूस, बायकोपुढं कधी चकार शब्द नाही काढला. परत आले ते अंगणातच बसले. म्हणाले, "दुसराच शे." डोंगरातला कुणी भिल्ल होता, पन्नाशीचा. त्या दिवशी माझी आशा मेली. सांगून मेली नाही, जेवता जेवता घास तोंडात फिरायला लागला तेव्हा मला कळलं.

सासूबाईंनी मात्र त्या सांजेला दुप्पट तेल घेतलं.

आता माझी गत ऐका. कपाळाला कुंकू, हातात बांगड्या, डोक्याला तेल चपचपीत, आणि गावभर मी विधवा. तोंडावर कोणी म्हणेना. सासूबाईंच्या जिभेला कोण लागणार? पण पाणवठ्यावर गेले की बोलणी थांबायची. माघात शेजारच्या घरी लग्न निघालं. नवरीला हळद लावायला पाच सवाष्णी हव्या होत्या. सासूबाईंनी मला हाताला धरून नेलं, पुढं ढकललं, "लाव वं, लाव हळद." मी वाटीत बोटं बुडवली. नवरीची माय माझी मैत्रीणच म्हणावी अशी, कपडे वाळत घालताना रोज बोलायची. तिनं लेकीचा हात हळूच मागं घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे ना बहीन, तू थकेल शे." थकलेली म्हणे! धरणी दुभंगावी आणि आत जावं असं झालं. हळदीची बोटं मी लुगड्याच्या आतल्या बाजूला पुसली, कुणाला दिसू नये म्हणून. सासूबाई परतताना त्या बाईला शिव्या घालत होत्या, आणि मला मनातून वाटत होतं की तिचं काय चुकलं? मी आई असते तर मीही तेच केलं असतं.

चैत्रात माझे वडील आले. ओसरीवर सासऱ्यांजवळ बसले आणि सरळच बोलले. पोरीचं वय ते काय. रीतीप्रमाणं पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्या, सुतक फेडा, मी पोरीला घेऊन जातो. पुढं कुठं पाट लागला तर तिचा संसार होईल. सासरे खाली मान घालून ऐकत होते. आतून सासूबाईंचा आवाज आला, "जित्या नवरानी बाईना पाट लावतस का तुमना गावमा?"

वडील म्हणाले, "जिता शे ते दखाडा."

"मरना शे ते दखाडा," सासूबाई म्हणाल्या.

दोघंही खरं बोलत होते, हीच तर खोट. वडील उठले. जाताना मला एवढंच म्हणाले, "आखाजीले लेवाले येस. तू ठरावी ठेव." मी ठरवायचं? जिला भाकरीला मीठ किती हेसुद्धा विचारून घालावं लागायचं, तिनं नवरा मेला की जगला हे ठरवायचं! बापाचा असा राग आला होता मला. पण तो म्हणाला ते खरं होतं. दुसरं कोणी ठरवणारच नव्हतं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या मुलखातला लेकींचा सण. न्यायला माहेरचा मुराळी येतो, लेकी माहेरी जातात, झाडाझाडाला झोके. पण तोच दिवस पितरांचाही. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागरी भरायच्या, वर खरबूज आणि सांजोरी ठेवायची. सासऱ्यांनी कुंभाराकडून घागरी आणल्या त्यात एक जास्तीची होती. ती भिंतीशी इतरांच्या ओळीत ठेवून दिली. सासूबाईंनी पाहिलं, गेल्या आणि तेवढी एक पालथी घातली. सासरे बाहेर जाऊन बसले.

मला तेव्हा सासूबाईंचा राग आला नाही. मला सासऱ्यांची कीव आली. बापाला पोराच्या नावानं घोटभर पाणी ठेवता येईना, आणि का, तर माझ्या शेंड्यांना तेल होतं म्हणून. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?

मी काळी माती घेतली आणि नदीवर गेले. आखाजीला तापी आटलेली असते, खडकांमधून पोरंसुद्धा पार जातात. मांडीएवढ्या पाण्यात बसून फडकं सोडलं आणि माती चोळली. इतक्या महिन्यांचं मुरलेलं तेल, निघता निघेना. पुन्हा माती, पुन्हा पाणी. नखं दुखायला लागली. मी रडत होते, आणि मोठ्यानं त्याला शिव्या देत होते, इतका पोहणारा होतास ना, मग? पलीकडच्या काठावर धोबी होते. ते तोंड फिरवून उभे राहिले. भली माणसं.

केस मोकळे सोडून मी गावातून आले. कुणाला विचारावं लागलं नाही. बाया दारात येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्यामागं चालायला लागल्या.

सासूबाई सांजोऱ्या तळत होत्या. मला पाहिलं आणि झारा तसाच हातात. "हाई काय करं वं तू?"

"आत्याबाई," मी म्हणाले, "त्या ग्यात." ते गेले, हे दोन शब्द त्या घरात तोवर कुणी उच्चारले नव्हते.

त्या उठल्या. मला वाटलं मारणार, आणि मारलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. पण त्यांनी माझे केस हातात घेतले, रोजच्या सवयीनं शेंडा बोटाला गुंडाळला. कोरडा, मातीनं खरखरीत. तो तसाच धरून उभ्या राहिल्या. मग अगदी हळू आवाजात, मला आजवर कधी बोलल्या नव्हत्या तशा, म्हणाल्या, "मी याच शेंडा धरीसन जगी ऱ्हायनू. आते सांजले मी काय करू वं? सांग ना."

मला वाटत होतं की त्यांनी मला बांधून ठेवलंय. त्या स्वतःच बांधून घेऊन बसल्या होत्या, हे मला त्या क्षणी कळलं आणि फार उशिरा कळलं.

दारातल्या बायांनी हंबरडा फोडला. सासूबाईंनी स्वतःचा अंबाडा सोडला. सासरे आत आले, त्यांनी पालथी घागर सुलटी केली. वडील गाडी घेऊन आले होते, ते बाहेरूनच समजले आणि बैल सोडून गाडीशी बसून राहिले.

सांजेला सासूबाई रोजच्या वेळी माझ्या मागं येऊन बसल्या. तेल नव्हतं, सुतक होतं. नुसतीच बोटं केसांतून फिरत राहिली. मग लहान पोर विचारतं तसं त्यांनी विचारलं, "खरंच मरी गया का वं तो?"

"हो," मी म्हणाले.

पुढं माझा पाट लागला, पोरंबाळं झाली, संसार झाला. सारंगखेड्याला त्याचं श्राद्ध अजून होतं, पण नाव उलटली त्या भाद्रपदातल्या तिथीला नाही. आखाजीला होतं. सासूबाईंनी तसंच धरायला लावलं. त्यांच्या लेखी तो नदीत गेलाच नव्हता. मी म्हणाले तेव्हा गेला.