फायनलचा नारळ

नवरा मोटारसायकलवरून पडून गेला आणि तेराव्याच्या आतच सासूबाईंनी कारण शोधून काढलं. मी पांढऱ्या पायाची! पोखर्णीच्या त्या घरात डॉक्टरपेक्षा त्यांचा शब्द मोठा. त्याच पायांनी मी कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळले होते, पण ते सांगणार कुणाला?

परभणीला माहेरी आले, तर तिथंही सगळे माझ्यासमोर हळू आवाजात बोलायचे. शेवटी कॉलेजातल्या माझ्या जुन्या क्रीडाशिक्षकांनी एक दिवस दारात उभं राहून फर्मावलं, "रडून झालं आसंल तर ग्राउंडवर ये. पोरींला पकड जमंना." गेले. पहिल्याच दिवशी एका धटिंगण पोरीनं मला कमरेतून उचलून आपटलं. बाकीच्या भेदरल्या. मी मातीत पडल्या पडल्या हसत होते. कितीतरी महिन्यांनी मला हात लावायला कुणी कचरलं नव्हतं.

पुढं मीच त्यांची कोच झाले. माझ्या तोंडाच्या पट्ट्याला सारं कॉलेज टरकून असायचं. पोरी शिव्या खायच्या आणि जीवही लावायच्या. मैदानावर कपाळ कुणी बघत नाही, सगळ्यांच्याच कपाळाला माती असते, असं मला वाटायचं. या एका जागेवर मी कुणाची विधवा नव्हते, आणि त्यावरच मी जगत होते.

मला आपटणारी ती पेडगावची पोरगी आमची कॅप्टन झाली. बापानं तिचा खेळ बंद केला तेव्हा मी त्याच्या ओसरीवर ठाण मांडलं, नाही नाही ते ऐकून घेतलं आणि तिला सोबत घेऊनच आले. पोटची असती तरी एवढं केलं नसतं.

फायनल आमच्याच मैदानावर होती. पहाटे मीच पाणी मारलं, मीच फक्की टाकून रेघा आखल्या, पूजेचा नारळही मीच आणला. फोडायला वाकले, तेवढ्यात कॅप्टन जवळ आली. तिच्या मागं संस्थेच्या अध्यक्षांची बायको जरीच्या साडीत उभी.

"मॅडम, तुमी उलीसं तिकडं थांबा की. बाईसाहेब फोडतेत नारळ. आज फायनल हाय ना, अपशकुन नको."

गुडघ्याला पट्टी बांधून द्या म्हणावं, इतक्या सहज म्हणाली. कानफटात द्यावीशी वाटली. मी नारळ तिच्या हातात दिला आणि पाण्याच्या जारपाशी जाऊन उभी राहिले. माझी एकही पोरगी माझ्याकडं बघत नव्हती.

शेवटच्या चढाईला मात्र कॅप्टननं वळून बघितलं. मी डाव्या कोपऱ्याकडं बोट केलं, तिथली पोरगी दमली होती. हिनं तिलाच टिपलं आणि आम्ही जिंकलो.

ती धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. आनंदानं रडत होती.

"मॅडम, बघा! बाईसाहेबांचा हात लागला अन् लगेच गुण आला!"

तिच्या बोलण्यात विषाचा थेंब नव्हता. असता, तर मी उत्तर दिलं असतं. मी तिची पाठ थोपटली आणि उद्या सकाळी सगळ्यांनी वेळेवर ग्राउंडवर यायचं म्हणून दरडावलं. मीही येणारच होते. मला जायला दुसरी जागा नव्हती.