भागूबाईची फुली

भागूबाई साळवेला वाचता येतं, पण बेतानं. पवित्र शास्त्र उघडून ती पहिल्या ओळीवर बोट ठेवते, तोवर बाकीची मंडळी 'आमेन'पर्यंत पोचलेली असते. पण चर्चमध्ये कोण कुठं बसतं, हे तिला विचारा! चोवीस बाक, बाकावर तीन माणसं, डाव्या हाताला बाया, उजव्या हाताला बाप्ये. बहात्तर जागा आणि बहात्तर नावं, सगळी तिच्या जिभेवर. पाळकसाहेबांच्या रजिस्टरात चूक निघेल, भागूबाईच्या डोक्यात निघायची नाही.

मुकुंदवाडीत, स्टेशनच्या अलीकडं, हे पत्र्याच्या छपराचं चर्च. झाडलोट, दिवाबत्ती, घंटा, सगळं भागूबाईकडं. तिचा जन्म गंगापूरजवळच्या खेड्यातला. आई तिथल्या मिशन शाळेत भाकरी थापायची, आणि पोरगी त्याच शाळेत चौथीपर्यंत शिकली. पुढं लग्न होऊन शहरात आली आणि एका दवाखान्यात सत्तावीस वर्षं आयाचं काम केलं. किती बाळंतिणींना धीर दिला, किती म्हाताऱ्यांची अंगं पुसली, त्याला गणती नाही. नवरा गेला, लेक मोनिका शिकून मास्तरीण झाली, आणि दवाखाना सुटल्यावर भागूबाईनं चर्चची किल्ली कमरेला खोचली. गंमत बघा, ती मिशन शाळा बंद पडली तेव्हा तिथले सागवानी बाक याच चर्चला मिळाले होते. म्हणजे ज्या बाकांवर बसून बाई पाढे चुकली, त्याच बाकांना आता ती तेल पाजते. देवाची करणी, दुसरं काय!

बाक पुसायचीही तिची एक रीत आहे. शनिवारी हातात कोरडं फडकं घ्यायचं, आणि ज्याची जागा पुसायची त्याचं नाव घ्यायचं. "आवडाबाई, तुझा गुडघा बरा होऊ दे." "मोतीराम, तुझी जीभ जरा आखूड होऊ दे." एकदा कुणीतरी विचारलं, भागूमावशी, ही कसली प्रार्थना? तर म्हणाली, "मला लांबलचक येत नाय बाबा. मी पुसत जाते, तो ऐकत जातो."

मग करोना आला आणि चर्चला कुलूप लागलं. मंडळी मोबाइलवर उपासना ऐकू लागली. कोणी पलंगावर लोळत, कोणी पोहे खात. भागूबाई मात्र दर शनिवारी एकटी आत जायची आणि बहात्तर जागा बहात्तर नावांनी पुसायची. दुसऱ्या लाटेत त्यातली पाच माणसं गेली. त्यांचीही नावं तिनं गाळली नाहीत. फक्त उजवीकडच्या तिसऱ्या बाकाच्या टोकाला आली की तिचा हात अडायचा आणि नाव ओठांवर यायचं नाही.

ती जागा गोकुळ त्रिभुवनची. गोकुळ गवंडी होता. पायरीवरून नव्हे, चांगल्या दुमजली परांचीवरून पडला होता, असं तो स्वतःच अभिमानानं सांगायचा. तेव्हापासून डावा पाय वाकत नव्हता, म्हणून तो वाटेकडच्या टोकाला बसून पाय लांब सोडायचा. दर रविवारी कोणी ना कोणी त्या पायाला अडखळायचं, आणि दहा जण एकदम म्हणायचे, "गोकुळ, पाय आवर!" पलीकडं बायांच्या बाजूला बसलेली त्याची बायको पारूबाई डोळे वटारायची. ही पारूबाई म्हणजे भागूबाईची चाळीस वर्षांची मैत्रीण. एका गल्लीत घरं, एका नळावर पाणी, एकीच्या घरची चटणी दुसरीच्या ताटात.

एप्रिलमध्ये गोकुळ दवाखान्यातच गेला. प्लास्टिकात गुंडाळलेला देह परस्पर कबरस्तानात न्यायचा ठरला. त्या दुपारी पारूबाईनं भागूबाईच्या दारावर थाप मारली. "भागू, चल गं. कोणीच नाय आलं. एक गीत तरी म्हणू. मुक्यानं कसं पुरायचं माणसाला?"

भागूबाई आत उभी होती. सत्तावीस वर्षं आजाऱ्यांत काढलेली बाई! पण त्या आठवड्यात गल्लीत तीन मौती झाल्या होत्या, घरात मोनिकाचं सहा महिन्यांचं लेकरू होतं, आणि बाई भ्याली. कडी तिनं काढली नाही. पारूबाई आणखी दोन थापा मारून निघून गेली. कबरस्तानात ती आणि तिचा मुलगा, दोघंच होते.

त्यानंतर पारूबाईनं सांगून टाकलं, "ज्या मंडळीला माझ्या माणसाला माती द्यायला जमलं नाय, तिच्या उंबऱ्याला माझा पाय लागायचा नाय." नळावर भागूबाई म्हणायची, "सलाम, पारू." पारूबाई घागर भरायची आणि चालू लागायची. सहा महिने हेच. भागूबाईला आता दुसरं काही मागायचं नव्हतं. चर्च उघडावं आणि पारू त्या दारातून आत यावी, एवढंच तिचं देवाकडं मागणं होतं.

ऑक्टोबरमध्ये हुकूम निघाला: देवळं, मशिदी, चर्च, सगळं उघडा, पण अंतर राखा. पाळक राजेंद्र दुशिंग तरुण माणूस, नियमाला पक्का. शुक्रवारी तो म्हणाला, "भागूमावशी, बाकाच्या दोन टोकांना दोघंच बसतील. मधल्या जागेवर फुली मारा, म्हणजे तिथं कोणी बसायचं नाही." आणि चिकटपट्टीचं भेंडोळं तिच्या हातात देऊन गेला.

आता तेल पाजलेल्या सागवानाला चिकटपट्टी धरते होय? शुक्रवारी लावलेल्या पट्ट्या शनिवारी सकाळी सगळ्या जमिनीवर. भागूबाईला आठवलं, फाटकाला लावून उरलेला लाल ऑइलपेंट कोपऱ्यात पडलाय. तिनं ब्रश घेतला आणि डावीकडच्या पहिल्या बाकापुढं बसली. तिथली मधली जागा आवडाबाईची. गेलेल्या पाचांमधली एक.

ब्रश लाकडाला टेकणार, तेवढ्यात बाई थांबली. फुली मारायची? शाळेत चुकलेल्या गणितावर बाई फुली मारायच्या. रेशनच्या यादीत मेलेल्याच्या नावावर फुली मारतात. आणि ज्यांची नावं घेऊन आपण जागा पुसल्या, त्यांच्यावर आपल्याच हातानं फुली? "हे नाय जमायचं," ती मोठ्यानं म्हणाली. मग तिनं तिरप्या रेघा सरळ केल्या. एक उभी, एक आडवी, उभीचं खालचं टोक जरा लांब. खुणेची खूण झाली आणि देवाच्या घरात शोभेलसा क्रूसही झाला. बाई स्वतःवरच खूश! दुपारपर्यंत तिनं बाकीच्या बाकांवर क्रूस काढले. उजवीकडचा तिसरा बाक तेवढा टाळत टाळत शेवटी ठेवला होता. तिथं येईपर्यंत डब्याच्या तळाशी दाट गाळ उरला होता, तो चांगला जाड बसला. त्या बाकावरची मधली जागा, गोकुळच्या शेजारची, मोतीराम म्हस्केची.

मोतीराम म्हणजे एसटीचा निवृत्त कंडक्टर. भरल्या गाडीत ओरडून ओरडून गळा मोकळा झालेला, आणि तोंडात तीळ भिजत नाही. चर्चमध्ये पेटी तोच वाजवतो. संध्याकाळी तो पेटीचा भाता बघायला आला, तेव्हा भागूबाई पाणी आणायला गेली होती. बघतो तर आवडाबाईच्या जागेवर क्रूस. बिचारी गेली, तिची आठवण ठेवली, बरं केलं, असं म्हणत तो आपल्या जागेकडं वळला. तर तिथंही क्रूस! आणि तोही चांगला जाड, ओला, ताजा! मोतीरामला दरदरून घाम फुटला. बाकीचे बाक बघायला तो थांबलाच नाही. उलट्या पावली निघाला, आणि गल्लीच्या तोंडाशी पारूबाई दिसताच त्याचा बांध फुटला.

"भागूनं मेलेल्यांच्या जागांवर क्रूस काढलेत. काढू दे, चांगलंय. पण मला जित्यापणी कामून पुरलं? तिला इचारा!"

पारूबाईनं घागर खाली ठेवली. "मेलेल्यांच्या जागांवर? आमच्या मालकाच्याबी?"

"असंलच की!"

रविवारी सकाळी मोतीराम तावातावानं चर्चमध्ये आला, तेव्हा भागूबाईनं त्याला सगळं समजावलं. ही मधली जागा मोकळी ठेवायची खूण आहे, पाळकसाहेबांनी सांगितलेली. फुली मारवेना म्हणून क्रूस काढला.

"म्हंजी मी मेलेलो नाय," मोतीरामनं श्वास सोडला.

"अजून तरी नाय."

मग त्याचा चेहरा उतरला. "अरे देवा! मी तर पारूला सांगून बसलो. ती येणार हाय आज. गोकुळचा क्रूस बघायला."

सहा महिने जिची वाट बघितली ती येणार, आणि येऊन बघणार काय? कोरं लाकूड. गोकुळ टोकाला बसायचा, आणि टोकाच्या जागा बसायच्या, त्यांवर खूण नाही. ज्याला मंडळीनं एकदा मुक्यानं पुरला, त्यालाच मंडळी पुन्हा विसरली, असंच पारूला वाटणार.

"मग ओढा की दोन रेघा," मोतीराम कुजबुजला आणि त्यानं डब्यातला ब्रश आणून तिच्या हातात दिला. "कोणाला कळतंय?"

खरं सांगायचं तर बाईला मोह झाला. ती गोकुळच्या जागेपुढं गुडघ्यावर बसली, ब्रश उचललाही. दोन रेघांत पारू परत मिळत होती. पण हात पुढं जाईना. मुक्यानं पुरलं ते पुरलं, आता वर खोट्याची माती लोटायची? तिनं ब्रश डब्यात टाकला, आणि मान वर करते तर पारूबाई दारात उभी.

पारूबाई कोणाकडं न बघता सरळ तिसऱ्या बाकापाशी आली. "कुठंय?" तिनं विचारलं. सहा महिन्यांनी भागूबाईशी बोललेला हा पहिला शब्द.

"नाय गं पारू," भागूबाई म्हणाली. "ती खूण मेलेल्यांची नायच. मधी कोणी बसू नये म्हून हाय. मोतीरामभाऊंनी उलटं सांगितलं. हा ब्रश बघ. आत्ता तुझ्यापायी खोटा क्रूस काढायला बसले हुते. नाय काढवला."

"म्हंजी मेलेल्यांसाठी कायच केलं नाय तुम्ही."

"कायच नाय केलं." भागूबाईनं मास्क खाली ओढला, कारण हे तोंड झाकून बोलायचं नव्हतं. "अन् मी तर लईच वाईट केलं. तू थाप मारली तवा मी दारामागंच हुते. तिन्ही थापा ऐकल्या. कडी काढली नाय. भ्याले गं. चाळीस वर्षांची तुझी मी, अन् भ्याले."

चर्चमध्ये एव्हाना वीसेक माणसं जमली होती. सगळ्यांनी ऐकलं.

"ठाऊक हाय मला," पारूबाई म्हणाली. "तुझ्या बांगड्या वाजल्या हुत्या आत. तुझ्या बांगड्या मला कळत नाय व्हय? तू कधी सांगतीस, ह्याचीच वाट बघत हुते मी."

भागूबाईला रडू कोसळलं. पारूबाई त्या कोऱ्या जागेकडं बघत राहिली. मग म्हणाली, "अन् ही जागा? ही कशाची?"

"ही बसायची."

पारूबाई बसली. बाप्यांच्या बाजूला, नवऱ्याच्या जागेवर, लुगडं सावरून ऐसपैस. चाळीस वर्षांत ती या बाजूला फिरकली नव्हती. मागून एका म्हाताऱ्यानं खाकरून बघितलं, पाळकानं त्याच्याकडं नुसता एक कटाक्ष टाकला, विषय संपला.

घंटा झाली. घंटेचा दोर सोडून भागूबाईनं मागं आपल्या स्टुलावर बसायचं, ही नेहमीची रीत. त्या दिवशी ती मधल्या वाटेनं पुढं आली आणि तिसऱ्या बाकावर, पारूबाईला खेटून, स्वतः काढलेल्या क्रूसावर जाऊन बसली. नियमाला पक्का असलेला पाळक तोंड उघडून काही बोलणार होता. त्यानं दोघींकडं बघितलं आणि मग म्हणाला, "आजचं पहिलं गीत माती देतानाचं. गोकुळभाऊंसाठी, आवडाबाईंसाठी, आपल्या पाचही माणसांसाठी. उभे राहा." मोतीरामनं पेटी धरली. मास्कमधून का होईना, पण पत्रा हादरेल असे लोक गायले. पारूबाई गायली नाही. भागूबाईचा हात धरून ती पोटभर रडली.

उपासना सुटली आणि मागून हशा पिकला. भागूबाईच्या पांढऱ्याशुभ्र लुगड्यावर, बरोबर बसायच्या जागी, लालभडक क्रूस उमटला होता! तो जाड थर रात्रभरात कुठला वाळायला? मोतीराम म्हणाला, "घ्या! मला पुरायला निघाल्या अन् स्वतःच सापडल्या."

त्या दुपारी पारूबाई भागूबाईच्या घरी गेली. कडी उघडीच होती. मोरीवर बसून तिनं घासलेटनं लुगडं घासलं, पोटभर शिव्या घातल्या, चहा दोनदा प्यायली. डाग काही गेला नाही.

पुढं नियम उठले, खुणा खरवडायचं ठरलं, तेव्हा भागूबाईनं एकूण एक क्रूस काच घेऊन घासून काढला. फक्त मोतीरामनं आपला ठेवून घेतला. म्हणतो, त्याच्यावर बसलं की जीभ ताब्यात राहते. तसा काही फरक दिसत नाही. पारूबाई अजून त्याच जागेवर, बाप्यांच्या बाजूला बसते.

आणि शनिवारी भागूबाई अजून बाक पुसते. उजवीकडच्या तिसऱ्या बाकाच्या टोकाला आता तिचा हात अडत नाही. फडकं फिरवते आणि म्हणते, "गोकुळ, पाय आवर. पारूला बसू दे."