बारा अंगठे

मी ख्रिस्ती सेमिनरीत धर्मशिक्षण घेते. तिथे दुसऱ्या वर्षाला एक वही असते. आठवड्यातून एकदा घरच्यांना बसवून कुटुंबप्रार्थना घ्यायची, तारीख आणि बायबलमधला शास्त्रभाग लिहायचा आणि शेजारी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची सही घ्यायची. बारा आठवडे, बारा सह्या. वही अपुरी असेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. हा नियम कोणी केला माहीत नाही, पण त्याच्या घरी द्राक्षांचा हंगाम येत नसावा.

पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये मी घडांतले खराब मणी कात्रीने काढते. वर्ग शनिवारी, नाशिकला. माहेरी आणि सासरी कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे मुदत वाढवून मिळते का, हे कोणाला विचारायचं तेही कळत नाही. वर्गात सगळे मान डोलावतात, म्हणून मीही डोलावते. हंगामात नवरा टेम्पोवर, मुलगी शेजारी, सासूबाई घरी एकट्या. त्या तीन महिन्यांत आम्ही चौघं एका चटईवर बसल्याचं आठवत नाही. कुटुंबप्रार्थनेवर पंधरा पानांचा निबंध मात्र मी लिहिला. त्याला चांगले गुण मिळाले.

शनिवारी पेपर होता, त्याआधी वही द्यायची होती. गुरुवारी कामावरून आल्यावर मी बारा तारखा एका दमात लिहून काढल्या. मध्येमध्ये पेनही बदललं. मग शाईचं पॅड घेऊन सासूबाईंसमोर बसले. त्यांना लिहिता येत नाही. कसला कागद म्हणून त्यांनी विचारलं, मी कॉलेजचा म्हणाले. त्यांनी मुकाट्याने बारा अंगठे दिले आणि पदराला बोट पुसत विचारलं, एवढे कशाला?

तेव्हा माझ्यात खोटं बोलायचं बळ राहिलं नव्हतं. सांगून टाकलं.

"म्हंजे मी बारा येळा तुझ्यासंगं प्रार्थनेला बसले, असं लिव्हलंय?"

"हो."

"मी तर एकदाबी नाय बसले."

मी म्हणाले, आई, सगळेच असं करतात. हे खरं आहे की नाही, मला आजही माहीत नाही.

"करू दे. अंगठा माझा हाय. त्यानं आजवर खोटं नाय सांगितलं. बस खाली, बारा घे."

मला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. भाजी चिरायची होती, मुलीचा गणवेश भिजत पडला होता. तरी बसले. त्या संध्याकाळी तीन झाल्या. शुक्रवारी सकाळी दोन. चपात्या लाटता लाटता शास्त्रभाग म्हणायला लागले, तर सासूबाईंनी लाटणं हातातून काढून घेतलं. संध्याकाळी चार. नवरा आला, घरात शिबिर भरलंय का म्हणाला आणि एका प्रार्थनेत बसल्या बसल्या झोपला. एका प्रार्थनेत मी नुसती गाऱ्हाणी मांडली, कॉलेजची, पॅकहाउसची, समोर डोळे मिटून बसलेल्या सासूबाईंचीही. त्यांनी सर्वांत मोठ्याने आमेन म्हटलं.

शनिवारी बसला निघताना नऊ झाल्या होत्या. उरलेले तीन अंगठे त्यांनी मला खोडायला लावले. तारखाही खऱ्या घालायला लावल्या.

नाशिकला सरांनी वही पाहिली. नऊ प्रार्थना दोन दिवसांत? मी सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग म्हणाले, "तुमचा प्रामाणिकपणा आवडला. पण बारा म्हणजे बारा." परीक्षा आता पुढच्या वर्षी. पुन्हा फेब्रुवारीतच, ऐन हंगामात.

बसमध्ये मी सरांवर, नियमावर आणि सगळ्यांत जास्त सासूबाईंवर चिडले होते. खोटी वही दिली असती तर पेपर देऊन परतले असते. घरी येऊन तसं बोललेही.

त्यांनी मुलीला हाक मारली, चटई अंथरली.

"तीन राहिल्यात," म्हणाल्या.

मी बसले. या वेळी प्रार्थना त्यांनीच घेतली.