आखाजीच्या आदल्या दिवशी तापीत

मामाच्या मते आम्ही सुरतेची पोरं म्हणजे नळाला तोंड लावून वाढलेली बिनकामाची जात. पोहता येत नाही, चूल पेटवता येत नाही, वाट चुकली की रिक्षा शोधतात. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. खानदेशातून आला, उधन्यात कापडाच्या लूमवर कामाला लागला आणि आमच्या दोन खोल्यांतली एक त्याने अडवली. सुट्टीच्या दिवशी मला आणि माझ्या धाकट्या भावाला बाहेर नेऊन शहाणं करायचं त्याने मनावर घेतलं होतं. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं आणि मी अकरा-बारा वर्षांची होते.

शिकवायचा मात्र छान, हे मान्य करायला हवं. उन्हात निघताना खिशात कांदा आणि डोक्याला ओलं फडकं. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं. नव्या जागी गेलं की मागे वळून एखादी उंच खूण बघून ठेवायची, कारण परतताना सगळं उलटं दिसतं. वाहत्या पाण्यात पाय उचलायचा नाही, घासत न्यायचा. आणि नदीत उतरलं की नजर कायम वरच्या अंगाला, कारण लोंढा वरून येतो, आणि यायच्या आधी पाणी गढूळ होतं, काड्या-कचरा वाहून येतो. हे शेवटचं त्याने इतक्यांदा सांगितलं होतं की भावाने ते झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

त्या वर्षी आजोबा, म्हणजे आईचे आणि मामाचे वडील, गेले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. आजोबांची ही पहिली घागर, आणि ती मुलानेच भरायची. गावी त्यासाठी तापीच्या वाळूत झिरा करतात. म्हणजे हातांनी खड्डा उकरायचा आणि त्यात झिरपलेलं गोड, गार पाणी वाटीवाटीने घागरीत घ्यायचं. आजोबा जन्मभर तेच पाणी प्यायले. पण शेठने मामाला गावी जायला रजा दिली नाही. मग एका संध्याकाळी एकदम म्हणाला, गावची तापीच तर सुरतेला येते, मग अडलंय कुठे? आईने डोळ्यांना पदर लावला. नळाचं पाणी आजोबांना चालत नाही असं कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण त्या दोघांना हे सांगणार कोण?

आखाजीच्या आदल्या दुपारी आम्ही सिटी बसने नदीजवळच्या चौकात उतरलो आणि तिथल्या पुलापासून प्रवाहाच्या दिशेने बरंच खाली चालत गेलो. नवी कोरी मातीची घागर मामाने कोणाच्या हातात दिली नाही. नदी आटून पसरली होती. काठाशी गाळ होता, मध्ये वाळूचा लांबलचक पट्टा, आणि त्याच्या अलीकडे घोट्याएवढ्या पाण्याची एक धार.

मामाने काठाजवळ पहिला झिरा केला. पाणी आलं, त्याने ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकलं. खारट. शहराची घाण काठाला मुरते, आपण मध्ये जाऊ, असं म्हणून त्याने धार ओलांडायला लावली. वाळूवर आम्ही चपला काढून गुडघ्यांवर बसलो आणि कोपरापर्यंत हात घालून उकरू लागलो. मला फार मजा येत होती. शाळेतल्या कुठल्या मुलीला येत होतं झिरा करायला?

दुसऱ्या झिऱ्याचं पाणीही खारट निघालं. मामाने ते पुन्हा पुन्हा चाखलं, जणू चुकून एखादा घोट गोड निघेल. त्याचं तोंड बघून मला वाईट वाटलं.

तेवढ्यात काठावर कपडे धुणारी एक बाई पिळे गोळा करता करता ओरडून काहीतरी सांगू लागली. मामाला गुजराती जेमतेम कळायचं, म्हणून मी त्याला सांगितलं की भरती येतेय, परत या म्हणतेय.

"भरती समुद्रले येस," मामा म्हणाला. "नदीले कशी भरती?"

तरी त्याने वर पाहिलं, आम्हीही पाहिलं. पाणी नितळ, काडी नाही की कचरा नाही. आम्ही तिघेही अगदी शिकवल्याप्रमाणे वरच्या अंगाला डोळे लावून बसलो होतो. पुढे कधीतरी कळलं की अमावास्या होऊन गेल्यावर इथली भरती मोठी असते, आणि वरचा बंधारा व्हायच्या आधी ती शहराच्याही वर चढायची. गावच्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? त्याची तापी एकाच बाजूने यायची.

मग भाऊ हसला. त्याची चप्पल पाण्यावर निघाली होती, आणि ती पुलाकडे, वर चालली होती.

मामा हसला नाही. त्याने भावाला खांद्यावर टाकलं, घागर बगलेत धरली आणि आम्ही धारेत उतरलो. मघाची घोट्याएवढी धार आता माझ्या कमरेला लागत होती आणि खालून वर ओढत होती. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही. मामा एकसारखं बजावत होता, पाय उचलू नको, घासत ये, डोळे त्या बाईवर ठेव. मध्यावर माझा पाय सुटला. मला धरायला मामाला हात हवा होता, आणि एक हात भावाला होता, दुसरा घागरीला.

त्याने घागर सोडली. माझं मनगट इतकं घट्ट पकडलं की पुढे बरेच दिवस ते दुखत होतं. काठाला लागल्यावर मी वळून पाहिलं. रिकामी घागर डुलत डुलत पुलाखालून गावच्या दिशेने चालली होती. मामाही तिकडेच बघत होता.

घरी त्याने काही लपवलं नाही. आईने आधी आमची अंगं चाचपली, मग भावाला एक धपाटा घातला, मग खाली बसली. मामा भिंतीकडे तोंड करून म्हणाला की बापाची पहिली घागर, आणि तीसुद्धा मला भरता आली नाही.

"घागर गयी ते जाऊ दे, भाऊ," आई म्हणाली, आणि उठून तांब्याची कळशी चिंचेने घासायला लागली.

सकाळी मामाने नळाखाली कळशी भरली. आईने तिच्यावर आंबा ठेवला, गोवऱ्यांचे निखारे पुढे सरकवले. आजोबांचं नाव घेऊन त्यांवर घास टाकायचा होता, पण मामाचा हात तसाच राहिला. मग त्याने आम्हा दोघांना जवळ ओढलं आणि आजोबांशी बोलावं तसा हळूच कळशीशी बोलला.

"आबा, नळनं पानी शे. पोरेस्ले धड घर लई उनू."